आधी काय ठेवायचं ते सांगा

 

आम्ही सात जणी. चौघी नांदेडच्या, तिघी लातूरच्या. कुणी कॉलेजात आहे, कुणी ब्लाउज शिवते, एक जण दुकानात हिशेब लिहिते. आणि आम्ही सगळ्या बीट बनवतो.

‘बीट म्हणजे ते लाल कंद का गं?’ असं आमच्यातल्या एकीच्या आजीनं विचारलं होतं. तेव्हा आधी ते सांगतो. रॅप तुम्ही ऐकलं असेल. ठेक्यात, बोलल्यासारखं म्हणायचं गाणं. त्या म्हणणाऱ्याच्या मागं जे जे वाजतं, त्या सगळ्याला मिळून बीट म्हणतात. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा मागं डफ, तुणतुणं, झांज असते ना, तसंच. फरक एवढाच की शाहिराच्या मागं माणसं उभी असतात, आणि आमची सगळी माणसं एका मोबाइलमध्ये बसलेली असतात. बँडलॅबसारखं फुकटचं ॲप असतं. त्यात एका आवर्तनाची १६ घरं मांडलेली असतात. कुठल्या घरात ढोल, कुठल्या घरात टाळी, कुठलं घर रिकामं, हे आपण भरायचं. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं. मग खाली बास, वर एखादा सूर, आणि हवा तर बाहेरून धरून आणलेला आवाज. हलगीचा, पावसाचा, एसटीच्या घंटीचा.

बीट कशी बनवायची ते सांगायला आज आम्ही आलो नाही. मैत्रिणीनं बनवलेली बीट आपल्याला ऐकायला पाठवली, तर तिला काय सांगायचं आणि कसं सांगायचं, एवढंच आज बोलायचं आहे. कारण त्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती अजून पूर्ण भरून निघालेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात लातूरची आमची एक मैत्रीण औसा तालुक्यात आजीकडं गेली होती. आजीच्या घरी दळण गिरणीतूनच येतं, पण जातं अजून जागेवर आहे. लग्नाच्या हळदीला लागतं म्हणून ठेवलेलं. नातीनं हट्ट धरला म्हणून आजींनी मूठभर डाळ घालून जातं फिरवलं, आणि फिरवता फिरवता दोन ओळींची ओवी म्हटली. पोरीनं ती मोबाइलवर धरली. घरी येऊन तिनं बीट बांधली. खाली जात्याची घरघर, मधे आजीची ओवी, वर हलगी, आणि तळाशी बास.

रात्री ११ वाजता तिनं ती आमच्या ग्रुपवर टाकली. आम्ही उरलेल्या सहा जणी. तिघींनी आगीचं चिन्ह टाकलं. एकीनं ‘भारी’ लिहिलं. एकीनं काहीच लिहिलं नाही. आणि एकीनं लिहिलं, ‘सगळा गोंधळ झालाय. ठेक्यात बसत नाही. आधी नीट शिक, मग पाठव.’

ती ‘बरं’ म्हणाली आणि गप्प झाली. चार महिने तिची एकही बीट आली नाही. अभ्यास असेल, घरचं काही असेल, असं आम्ही धरून चाललो. मग कळलं की त्याच रात्री तिनं सगळं पुसून टाकलं होतं. बांधलेली बीटही आणि आजीचं मूळ रेकॉर्डिंगही. मोबाइलमध्ये जागा नव्हतीच, त्यात हे कशाला ठेवायचं, असं तिला वाटलं.

आजी आहेत. ठणठणीत आहेत. पण ती ओवी त्यांना आठवत नाही. म्हणाल्या, ‘जात्यावर बसलं की येती गं माय. अशी मागितल्यावर कशी येईल?’ पुन्हा जात्यावर बसल्या. दुसऱ्या ओव्या आल्या, ती आली नाही. तिनं पाठवलेली बीट आमच्या मोबाइलमध्ये आहे, पण त्यात आजींचा आवाज हलगीच्या खाली दबलाय. पहिली ओळ लागते, दुसऱ्या ओळीतले दोन-तीन शब्द काही केल्या लागत नाहीत. आवाज वेगळे काढणारं एक ॲप वापरून पाहिलं. शिजलेल्या खिचडीतून तांदूळ वेगळा काढायला बसावं, तसं झालं. आजींना ऐकवलं तर त्या पहिली ओळ ऐकून हसल्या. ‘हे मी म्हणले?’

तो मेसेज एकीनं लिहिला होता. पण बाकीच्या पाच जणींनी तो वाचला आणि कुणीच काही बोललं नाही. त्यामुळं तो आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला, असंच आम्ही धरतो.

तुम्ही म्हणाल, एका ओवीचं एवढं काय? जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी सुरू केलं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या कामातून जमल्या. २०१७पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर एकेक करून सगळ्यांना ऐकायला मिळतात. एवढ्या ओव्या जमल्या त्या कशामुळं? कुणीतरी बायकांच्या समोर बसून ‘हे ठेवण्यासारखं आहे’ असं म्हणालं म्हणून. नाहीतर दळण संपलं की ओवी संपली, असंच पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. आमच्या मैत्रिणीला त्या रात्री तेवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर तिनं बीट पुसली असती, पण आजीचं रेकॉर्डिंग पुसलं नसतं.

म्हणून आज आमचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. कुणाच्या कामावर बोलताना काय बदलायचं हे सांगण्याच्या आधी काय ठेवायचं ते सांगा. कौतुक म्हणून नाही, मन राखायचं म्हणूनही नाही. समोरचीला उद्या कशावर हात ठेवायचा नाही, हे कळावं म्हणून.

आणि आगीच्या चिन्हानं ते कळत नाही, हे लक्षात घ्या. त्या तिघींनी काही वाईट केलं नाही, त्यांना बीट आवडलीही होती. पण काय आवडलं? ओवी, हलगी, की रात्रीचे ११ वाजले होते म्हणून पटकन टाकलं? ‘भारी’ म्हणणं सोपं असतं. त्यातून बनवणारीच्या हाती काही पडत नाही.

चार महिन्यांनी आम्ही तिघी नांदेडहून एसटीनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तासांनी लातूरला उतरलो. ती घ्यायला आली होती. म्हणाली, ‘भांडायला आलात का समजवायला?’ आम्ही म्हटलं, ऐकायला. गंजगोलाईजवळ तिच्या मावशीच्या घरी माडीवर बसलो. आमच्या मोबाइलमधली तीच बीट लावली. पहिल्यांदा आम्ही तिला एक प्रश्न विचारला, जो चार महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. ‘तुला यात काय पोचवायचं होतं?’

ती म्हणाली, ‘जातं एका गतीनं फिरत नाही. खुंटा पुढं ढकलताना जड जातं, ओढून घेताना हलकं. मला तेच हवं होतं. म्हणून मी ढोल मुद्दाम किंचित मागं ठेवला.’

म्हणजे आम्ही ज्याला गोंधळ म्हणालो, तोच तिचा विचार होता. आम्ही १६ घरांच्या पाटीवर बीट मोजली आणि नापास केली. जात्यावर बसून मोजली नाही.

ठेका किंचित मागं-पुढं ठेवण्याची ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात जे डिला नावाचा बीट बनवणारा होऊन गेला, २००६ साली वारला. ठोके आपोआप घरात नेऊन बसवण्याची सोय यंत्रात असते. ती बाजूला ठेवून तो हातानं ठोके वाजवायचा, त्यामुळं त्याचा ढोल जरा लंगडत चालल्यासारखा वाटतो. आज जगभरचे वादक तोच लंगडेपणा शिकायचा प्रयत्न करतात. दुसरं उदाहरण यंत्राचंच. जपानच्या रोलंड कंपनीनं १९८०मध्ये टीआर-८०८ नावाचं ठेक्याचं यंत्र काढलं. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही, अशी त्यावर टीका झाली. १९८३मध्ये ते बंदही पडलं. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं, हातात फार पैसे नसलेल्या पोरांनी ते घेतलं, आणि त्याच ‘खोट्या’ ढोलावर हिप-हॉप उभं राहिलं. आज आमच्या प्रत्येक ॲपमध्ये तो आवाज आहे.

म्हणून आम्ही आता एक गोष्ट पाळतो. ‘हे नेहमीसारखं नाही’ ही चूक म्हणून सांगायची नाही. आधी विचारायचं, हे मुद्दाम केलंस का? ती ‘हो’ म्हणाली, तर ते आणखी ठसठशीत कसं होईल ते बोलायचं. ‘नाही, चुकून झालं’ म्हणाली, तर ते दुरुस्त कसं करायचं ते बोलायचं.

त्या दिवशी माडीवर आम्ही ती बीट तीन ठिकाणी ऐकली. मोबाइलच्या स्पीकरवर, वायरच्या इअरफोनवर, आणि मावशीच्या घरातल्या मोठ्या स्पीकरवर. यातून खरी अडचण कळली. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खालचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. तिनं सगळी बीट त्याच स्पीकरवर बांधली होती. बास ऐकू येईना म्हणून ती तो वाढवत गेली. मोठ्या स्पीकरवर त्या बासखाली ढोल गुदमरला. आणि ओवी सुरू होते तिथं, ४०व्या सेकंदाला, हलगी आणि आजी दोघी एकाच पट्टीत बोलत होत्या. हलगी मुळातच कडक. विस्तवावर शेकून कातडं ताणलेलं, लांबून ऐकू जावी म्हणूनच ती घडलेली. म्हाताऱ्या माणसाचा आवाज तिच्यापुढं कसा टिकेल?

त्या रात्री हे एवढंच लिहायला हवं होतं, ‘आजीचा आवाज फार मोलाचा आहे, तो ठेव, मूळ रेकॉर्डिंग जपून ठेव. ४०व्या सेकंदाला हलगी त्याच्यावर चढते, तिथं हलगी थांबव किंवा हळू कर. बास इअरफोनवर एकदा तपास. ढोल मागं आहे, तो मुद्दाम का?’ चार वाक्यं. लिहायला दोन मिनिटं लागली असती.

स्वयंपाकघरात आपल्याला हे सगळं कळतं. ‘तुला स्वयंपाकच येत नाही’ म्हटलं तर समोरची काय करणार? रडेल किंवा भांडेल. ‘वरणात मीठ कमी आहे’ म्हटलं तर मीठ घालता येतं. पण आम्हाला बीटच्या बाबतीत मिठाचं नाव घेता येत नव्हतं. काय खटकतंय हे नेमकं सांगता आलं नाही की माणूस ‘गोंधळ’ म्हणून मोकळं होतं. आपल्याला शब्द सापडत नाही आणि दोष मात्र तिच्या माथी जातो. आता त्या मैत्रिणीच्या गोष्टीतून शिकून आम्ही आमच्यासाठी काही सवयी लावून घेतल्या आहेत. तुम्ही बीट बनवत नसाल, पण मुलीचं चित्र बघत असाल, गटातल्या बाईचा हिशेब बघत असाल, भजनी मंडळात चाल बसवत असाल, तर यातल्या काही तुमच्याही कामाच्या आहेत.

पहिली सवय पाठवणारीची. पाठवतानाच सांगायचं की काम कुठल्या टप्प्यावर आहे आणि काय हवंय. आमची शिवणकाम करणारी मैत्रीण म्हणते, कच्च्या टाक्यावर असताना बाई म्हणाली की खांदा अर्धा इंच उतरलाय, तर उसवून देता येतं. काज-बटण झाल्यावर ‘कापडच दुसरं घ्यायला हवं होतं’ म्हणून काय उपयोग? तसं आम्ही आता लिहितो, ‘कच्चं आहे, फक्त ठेका ऐका’ किंवा ‘झालंय, उद्या द्यायचंय, फक्त आवाज फाटत नाही ना ते बघा.’ बोलणारीनं तेवढ्याचंच बोलायचं. आणि बीट व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. नाहीतर आवाज दाबला जातो, आणि तो दोष आपण बनवणारीच्या नावावर टाकतो.

दुसरी सवय ऐकणारीची. तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, मान कुठं हलली ते बघायचं. दुसऱ्यांदा इअरफोन लावून. तिसऱ्यांदा घड्याळ बघत, कुठल्या सेकंदाला काय होतं ते टिपत. पोळ्या लाटता लाटता एकदा ऐकून मत द्यायचं नाही. तेवढा वेळ नसेल तर ‘रविवारी ऐकते’ असं लिहायचं. त्यात काही कमीपणा नाही. त्या रात्री जी काहीच बोलली नाही, तिनं तेवढं लिहिलं असतं, तरी पुसायचं कदाचित रविवारपर्यंत थांबलं असतं.

तिसरी सवय सांगण्याची. जागा सांगायची, आवाज सांगायचा, आणि आपल्याला काय झालं ते सांगायचं. ‘कंटाळवाणी आहे’ असं नाही. ‘पहिली आठ आवर्तनं संपली, पुढची आठ तशीच आली, तेव्हा माझं लक्ष उडालं. तिथं टाळी काढून बघ, किंवा एक आवर्तन नुसतं जातं वाजू दे.’ ‘रॅपला जागा नाही’ असं नाही. ‘मधल्या सुरांवर पेटी सलग वाजते, तिथंच म्हणणारीचा आवाज येणार, दोघींची धक्काबुक्की होईल.’ ‘ठेका चुकलाय’ असंही नाही. ‘तू ब्लूटूथचे इअरफोन लावून बोटानं वाजवलंस का? त्यात आवाज उशिरा पोचतो, म्हणून सगळे ठोके सारखेच मागं पडलेत.’ यातल्या प्रत्येक वाक्यावर तिला लगेच काहीतरी करून बघता येतं.

आणि एका वेळी फार तर तीन गोष्टी. आमच्यातली एक सुरुवातीला १७ मुद्दे लिहायची. सगळे बरोबर असायचे. पण ते वाचून कुणी पुन्हा मोबाइल हातात घेत नव्हतं.

चौथी सवय, शेवटचा हात बनवणारीचाच. आपल्या भागात उर्दू शायरीची जुनी वहिवाट आहे. मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या शायरीत ‘इस्लाह’ असते. शागीर्द आपली गझल उस्तादाला दाखवतो, उस्ताद एखादा शब्द बदलून देतो, वजन कुठं तुटतं ते दाखवतो. पण शेवटच्या शेरात टोपणनाव येतं ते शागीर्दाचंच. मराठीत सुरेश भटांनी नव्या लिहिणाऱ्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, पत्रांतून मार्गदर्शन केलं. बाराखडी दिली, गझल ज्याची त्यानं लिहायची. आम्हीही आता एकमेकींच्या बीटमध्ये हात घालत नाही. ‘मी बदलून पाठवते’ म्हणायची फार ओढ होते. आपल्याला येत असतं, पाच मिनिटांचं काम असतं. पण बदलून पाठवलं की ती बीट तिची राहत नाही, आणि बास कुठं कमी करायचा हे ती शिकतही नाही. तिनं आमचं ऐकून काहीच बदललं नाही, तरी रुसायचं नाही.

पाचवी सवय, चारचौघांत आणि एकटीला काय सांगायचं याचा विचार. आवडलेलं ग्रुपवर सांगतो, खटकलेलं आधी तिला फोन करून. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. ‘हलगी जास्त आहे’ हे हसत म्हटलंय की ओठ मुरडून, हे मेसेजमध्ये कळत नाही.

इथं कुणी म्हणेल की हिप-हॉपमध्ये तर एकमेकांना टोमणे मारणं हाच खेळ आहे. खरं आहे. त्यात सामने होतात, समोरासमोर उभं राहून एकमेकांची उतरवतात. आपल्याकडं कलगी-तुऱ्यात तेच होतं, तमाशातल्या सवाल-जवाबात तेच. पण ते फडावर, लोकांसमोर, दोघं तयारीनं उभे असताना. तालमीत कुणी आपल्याच ढोलकीवाल्याला फड जिंकल्यासारखं झोडपत नाही. आमचा ग्रुप म्हणजे तालीम आहे.

आणि हिप-हॉप सुरू कसं झालं, तेही ऐका. ११ ऑगस्ट १९७३. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करायला तिनं आपल्या इमारतीतली खोली घेऊन नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलींना तिकीट २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, त्यालाच पुढं डीजे कूल हर्क म्हणून जग ओळखायला लागलं. गाण्यात मधेच नुसता ढोल वाजतो, त्या तुकड्याची नाचणारी पोरं वाट बघत थांबतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. आमच्या सगळ्या बीट्स त्या लांबवलेल्या तुकड्यातून आल्या आहेत. नाचणाऱ्यांनी पायांनी सांगितलं, हे ठेव. त्यानं ते ठेवलं, बाकीचं सोडून दिलं. आमची आजची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही.

आता ऐकून घेण्याविषयी थोडं. आपण बीट बाहेर टाकली की बाहेरची माणसंही बोलतात. आम्हाला आलेली वाक्यं सांगतो. ‘मुलीच्या मानानं बरी आहे.’ ‘कुणी बनवून दिली?’ ‘घरी माहीत आहे का?’ आधी आम्हाला याचा फार त्रास व्हायचा. आता आम्ही एक चाळणी लावतो. त्या वाक्यात बीटमधल्या एखाद्या आवाजाचं, एखाद्या जागेचं नाव आहे का? नसेल तर ते बीटविषयी नाही, त्या माणसाविषयी आहे. सोडून द्यायचं. आणि असेल, तर सांगणारा कितीही खवचट असो, ते लिहून ठेवायचं. एकदा एका पोरानं फार वाईट शब्दांत सांगितलं की आमच्या बीटमध्ये आवाज फाटतोय. शब्द वाईट होते, पण आवाज खरंच फाटत होता. पातळीची पट्टी लाल होत होती, आमच्या लक्षात आलं नव्हतं. त्याला उत्तर दिलं नाही. बीट मात्र दुरुस्त केली.

ऐकून घेताना लगेच उत्तर द्यायचं नाही, हेही आम्ही ठरवलंय. पहिल्यांदा फक्त ‘वाचलं’ लिहायचं. एक रात्र जाऊ द्यायची. आणि त्या एका रात्रीत काहीही पुसायचं नाही. आमच्यासाठी हा सगळ्यात कडक नियम आहे. मूळ रेकॉर्डिंग तर कुणाच्या तरी दुसऱ्या मोबाइलमध्ये ठेवल्याशिवाय बीट बांधायलाच घ्यायची नाही.

शेवटची गोष्ट उसन्या आवाजांची. आमच्या बीट्स म्हणजे वाकळच असते. कुणाच्या लुगड्याचा तुकडा, कुणाच्या धोतराचा. तेव्हा ऐकणारीनं हेही विचारायचं, हा तुकडा कुणाचा? हलगी कुणी वाजवली, त्याला सांगितलंस का, नाव दिलंस का? ओवी परंपरेची असली तरी तो गळा त्या आजीचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यातही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्काचं कलम आहे. हलगी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी वाजवली, त्यांना मिरवणुकीत पुढं चालवलं आणि पंगतीत मागं बसवलं, हा आपला इतिहास आहे. निदान आमच्या मोबाइलमध्ये तरी ते बिनानावाचे राहायला नकोत. आता आमच्या प्रत्येक बीटखाली वाजवणाऱ्याचं नाव असतं.

लातूरची आमची मैत्रीण पुन्हा बीट बनवते. दिवाळीनंतर तिनं एक पाठवली. आजींनी दुसऱ्यांदा जात्यावर बसून म्हटलेल्या ओवीची. यावेळी हलगी आजींच्या आधी वाजते आणि त्या सुरू झाल्या की थांबते. ढोल अजूनही मागंच आहे. ज्या मैत्रिणीनं तो मेसेज लिहिला होता, तिनं सगळ्यात आधी फोन केला. तिनं काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बीटमध्ये बास थोडा कमी झालेला होता.

पहिली ओवी मात्र गेली ती गेलीच. त्या दोन-तीन शब्दांच्या जागी काय असेल, यावर आम्ही अजून अंदाज बांधतो.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात जातं असेल, आणि त्यावर बसल्यावर आठवणाऱ्या आजी असतील, तर आम्हाला कळवा. आम्ही येऊ, बसू, विचारून मगच रेकॉर्ड करू, आणि तुमची एक प्रत तुमच्याकडं ठेवून जाऊ. आणि आमचं आजचं बोलणं कसं वाटलं तेही सांगा. ठेवण्यासारखं काय होतं ते आधी. मीठ कुठं कमी पडलं ते नंतर.

नमस्कार.